फणसाची गिटार, जवसाचं तेल

मार्सेलचं वसईतल्या निर्मळ नाक्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये विहिरीवरचा पंप जळाला की तो रिक्षात घालून त्याच्याकडे यायचा. जळकी तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, पंप चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. तो स्वतः वटारचा. आईवडील, बायको सेलिन आणि तो, असे चौघे वाडीतल्या घरात राहायचे. सेलिन शाळेत शिक्षिका होती.

माझी त्याची ओळख बँडमुळे झाली. मी मूळचा चिपळूणचा, विमा कंपनीत नोकरीला, वसईत फ्लॅट घेऊन राहिलेला. ड्रम वाजवायची हौस होती. ख्रिस्ती लग्नांमध्ये वाजवणाऱ्या एका बँडला ड्रमवाला हवा होता, म्हणून मी गेलो, आणि तिथे कोपऱ्यात उभा राहून बेस गिटार वाजवणारा हा मार्सेल भेटला. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची. तिचा आवाज लोकांच्या कानात भरत नाही. ती थांबली की मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. मार्सेलही तसाच होता. कमी बोलायचा.

त्याच्याकडची गिटार मागून आणलेली होती. तिचा लाल रंग पोपडे सुटून निघत होता आणि घामाच्या हाताला चिकटायचा. एकदा मार्सेल म्हणाला की आपण आपली बनवू. मला वाटलं गंमत करतोय. पण विहिरीजवळचा फणस वादळात पडला होता आणि त्याच्या वडिलांनी, सेबॅस्टियनकाकांनी, खोडाच्या फळ्या पाडून त्या सावलीत वाळत ठेवल्या होत्या. त्यातली एक फळी मार्सेलने घेतली. गिटारचं अंग फणसाचं, मान सागवानाची. तारांखाली आवाज पकडणारी जी गुंडाळी असते, ती त्याने दुकानातच बांधली, पंपाच्या तारेपेक्षा कितीतरी बारीक तारेने. तारा आणि त्या ताणायच्या चाव्या मुंबईहून आणल्या. बाकी सगळं वाडीतल्या शेडमध्ये, विहिरीशेजारी. शेडला वरून झावळ्या होत्या, बाजूला कुडाच्या भिंती. सुट्टीच्या दिवशी मी गेलो की तो काचपेपर घेऊन बसलेला दिसायचा. फणसाच्या पिवळ्या भुशाने त्याच्या भुवया भरलेल्या असायच्या.

रंग मात्र द्यायचा नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. पॉलिशही नको. शाळेत असताना त्याने क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. तेल लाकडात मुरतं, वर थर बसत नाही, हाताला लाकूड लागतं. रंगाच्या दुकानातून त्याने उकळलेलं जवसाचं तेल आणलं. ते लवकर सुकतं. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे तेलात भिजवायचे, लाकडाला चोळायचे, थोडा वेळ थांबून जास्तीचं तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं आणि एक दिवस सुकू द्यायचं. मग पुन्हा काचपेपर, पुन्हा तेल.

पहिला हात दिला तेव्हा मी तिथे होतो. फिकट पिवळी फळी तेल लागताच खालून उजेड आल्यासारखी झाली. रेषा वर आल्या, गाठीभोवतीची वलयं दिसायला लागली. मार्सेलची आई, थेरेसामावशी, मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घेऊन चालली होती. ती दारात थांबली आणि म्हणाली, "याला तर हळद लागली." आणि हसली. तिच्या बोटांत तेव्हाही सुई-दोरा होता. सगळ्या आळीत तिच्याइतक्या चटकन वेण्या ओवणारी बाई नव्हती. बोलता बोलता, न बघता ओवायची.

हे २००१च्या मे महिन्यातलं.

त्या रविवारी सकाळी मार्सेलने गिटारला आणखी एक हात दिला. तेलाने भिजलेली चिरगुटं गोळा करून कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. खोक्यात लाकडाचा भुसा होता. गिटार खिळ्याला टांगली आणि दुपारी तो आमच्याबरोबर पापडीला तालमीला आला. दुसऱ्या दिवशी एका लग्नात वाजवायचं होतं. आम्ही तिसरं की चौथं गाणं धरलं होतं तेव्हा सेलिनचा फोन आला. ज्यांच्या घरी तालीम होती त्यांनी मार्सेलला बोलावलं. त्याने फोन ऐकून घेतला. रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शेड पेटली. आय आत गेली होती."

मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत त्याने एकच गोष्ट दोनदा विचारली, की शेडमध्ये आय कशाला जाईल.

ती गिटार आणायला गेली होती. झावळ्या पेटलेल्या दिसल्या तेव्हा ती विहिरीजवळच कळ्या तोडत होती. मुलगा इतके महिने ज्याच्यासाठी खपला होता ते आत टांगलेलं आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती आत शिरली, गिटार काढली आणि दारातून बाहेर पडताना पेटत्या झावळ्यांचा एक अख्खा थर तिच्यावर कोसळला. तो तिने हातांनी अडवला. गिटार तिच्या अंगाखाली राहिली. गिटारच्या कडेला वीतभर काळा डाग पडला, बाकी काही झालं नाही. थेरेसामावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

आम्ही पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. शेडच्या जागी काळे वासे उभे होते आणि शेजारची माणसं विहिरीचं पाणी ओतत होती. गिटार अंगणात, भिंतीला टेकवून कुणीतरी ठेवली होती. मार्सेलने तिच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सेबॅस्टियनकाका बाकावर बसले होते. तेव्हा ते सत्तरीच्या आसपास असतील. आयुष्यभर वाडी केलेली, पाठीत किंचित वाकलेले, मोठ्या आवाजाचे. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या ओळीतून त्यांचा आवाज पहिल्या ओळीला ऐकू जायचा. डॉक्टरांनी त्यांना विडी बंद करायला सांगितली होती आणि त्यांनी ती बंद केल्याचं घरात जाहीरही केलं होतं. पण दुपारच्या जेवणानंतर ते शेडमध्ये जाऊन एक ओढायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या दुपारीही ओढली होती.

मार्सेल जवळ गेल्यावर ते उठले नाहीत. त्याच्या चेहऱ्याकडेही न बघता म्हणाले, "माझ्या हातून झालं. विडी विझवली होती असं वाटतंय, पण आठवत नाही. विझली नसणार."

मी दोन पावलांवर उभा होतो. मार्सेल म्हणाला, "आता तरी सुटली ना विडी?"

त्याचा आवाज चढला नव्हता. अगदी साध्या आवाजात, वेळ विचारावी तसं तो बोलला. काकांनी मान खाली घातली आणि मी तिथून दूर गेलो, कारण मला ते बघवेना.

थेरेसामावशीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. मांडीची कातडी काढून हातांना लावली. उजवा हात बऱ्यापैकी सुधारला. डाव्या हाताची बोटं आतल्या बाजूला वळली ती तशीच राहिली. पाऊस संपता संपता ती घरी आली तेव्हा तिला पेला धरता यायचा, सुई धरता यायची नाही.

विडी सुटली, हे खरं. त्याबरोबर बाकीचंही सुटलं. सेबॅस्टियनकाकांनी वाडीत जाणं बंद केलं. पानवेल एका गड्यावर सोपवली, ती निम्मी वाळली तरी त्यांनी जाऊन पाहिलं नाही. चर्चमध्ये जायचे, पण त्यांचा आवाज आता शेजारच्यालाही ऐकू यायचा नाही. दर महिन्याला कुमसाराला जायचे, म्हणजे पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून पापं सांगायला, आणि दर वेळी तेच एक पाप सांगायचे. शेवटी पाद्रीबाबांनी त्यांना समजावलं की देवाने एकदा क्षमा केलेलं पाप पुन्हा पुन्हा सांगायचं नसतं. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात परत जायचे.

आणि घरात ते बायकोचे हात झाले. सकाळी तिचे केस विंचरायचे, वेणी घालायचे; आधी वाकडी व्हायची, मग सरळ यायला लागली. तिचं ब्लाउजचं हूक लावायचे. माशाचे काटे काढून तिच्या ताटात ठेवायचे. ती सांगेल तशा कळ्या ओवायचे. जाड बोटांनी ओवलेली ती वेणी बाजारात कुणी घेतली नसती, पण ती घरात येशूच्या तसबिरीला रोज चढायची. हे सगळं ते एक शब्द न बोलता करायचे. मार्सेलशी कामापुरतं बोलायचे. मार्सेलही तेवढंच बोलायचा. त्याच्या मनात राग होता, आणि राग बाळगण्याचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटत होतं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

गिटार माळ्यावर गेली. बँडमध्ये तो पुन्हा ती मागून आणलेली लाल गिटार वाजवायला लागला.

वर्ष होत आलं. पुढच्या एप्रिलमध्ये थेरेसामावशीनेच विषय काढला. जेवताना मार्सेलला म्हणाली, "माझे हात त्या लाकडापायी गेले. ते माळ्यावर कशाला ठेवलंस? वाजव तरी." काका जेवता जेवता उठले आणि आत गेले. पण तिने तो विषय सोडला नाही. रोज विचारायची. शेवटी मार्सेलने गिटार खाली काढली.

काळा डाग त्याने काचेच्या तुकड्याने खरवडला. पूर्ण निघाला नाही, चहाच्या रंगाचा झाला. मग पुन्हा काचपेपर आणि पुन्हा तेल. शेड आता नव्हती, म्हणून तो मागच्या पडवीत बसला. सुट्टीचा दिवस होता. सेलिन माहेरी गेली होती, काका प्रार्थनेला आणि तिथून कुणाकडे तरी गेले होते, थेरेसामावशी पुढच्या खोलीत पडली होती. मार्सेलने दोन हात दिले, तेलाची चिरगुटं चुरगळून पत्र्याच्या डब्यात कोंबली, झाकण नुसतं वर ठेवलं आणि जेवायला गेला. जेवून तो जरा आडवा झाला.

वासाने त्याला जाग आली. करपलेल्या तेलाचा, नाकात जाऊन बसणारा वास. तो पडवीत आला. डब्याच्या झाकणाखालून धूर येत होता, पांढरा, बारीक, सरळ वर जाणारा. त्याने झाकणाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. काठीने झाकण पाडलं. वरची चिरगुटं होती तशीच होती. त्याने काठी खुपसून ती उलटली, आणि आतला गोळा काळा पडलेला दिसला. त्याच्या मधोमध लाल निखारा होता. वारा लागताच तो भडकला आणि ज्वाळा हातभर वर आली.

पडवीत चूल नव्हती. दिवा नव्हता. विडी ओढणारं माणूस घरात नव्हतंच, आणि असतं तरी वर्षभर कुणी ओढली नव्हती. डबा सकाळपासून तिथून हलला नव्हता.

त्याने बादलीभर पाणी ओतलं आणि खाली बसला. मला त्याने पुढे सांगितलं की त्या वेळी त्याच्या डोक्यात विचार म्हणून काही आलाच नाही. फक्त खोकं दिसलं. विहिरीजवळच्या शेडमधलं भुशाचं खोकं, आणि त्यात चिरगुटं टाकणारा स्वतःचा हात. थेरेसामावशी धुराच्या वासाने उठून दारात आली होती. काय झालं म्हणून तिने विचारलं. तो पाण्याने भिजलेल्या फरशीवर बसून नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो माझ्या दारात उभा. मला वाटलं घरात कुणी गेलं. इतका पांढरा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. त्याने सांगितलं ते मला पहिल्या झटक्यात कळलंच नाही. चिंधी आपली आपण पेटते? माझ्या ऑफिसात आगीच्या विम्याचं काम बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले की हो, जवसाचं तेल सुकताना गरम होतं. चिंध्या पसरून ठेवल्या तर उष्णता उडून जाते, गोळा करून कोंबल्या तर आत साठत जाते आणि काही तासांनी पेट घेते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी फोन हातात धरून उभाच राहिलो. एका घराचं वर्ष ज्याने खाल्लं, ते एखाद्याला असं चहा पिता पिता ठाऊक असू शकतं.

सेलिनने मार्सेलला एकच सांगितलं, की बाबांना आज सांगायचं, उद्या नाही.

त्याने संध्याकाळी सांगितलं. काका थेरेसामावशीसाठी कळ्या ओवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुई बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाले की तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतो आहेस. चिंधी काय आपोआप पेटते? मी उभा जन्म शेणात, पेंढ्यात, तेलात काढला. मला लहान पोराला समजावल्यासारखं समजावू नकोस. मार्सेल पुन्हा सांगायला लागला तर ते उठून गेले.

म्हणून त्याने करून दाखवायचं ठरवलं. शनिवारी अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, डब्यात तेलाची चिरगुटं घातली आणि बापाला बसवलं. ते त्याच्या समाधानासाठी बसले. दुपार झाली, ऊन कलायला लागलं. डबा नुसता कोमट झाला. धूर नाही, काही नाही. मार्सेल सारखा उठून हात लावून बघत होता. शेवटी काका उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. तू चांगला मुलगा आहेस."

तो हात पाठीवर पडला तेव्हा मार्सेलला आपण मरून जावं असं वाटलं.

रविवारी त्याने मला बोलावलं. काकांनीच सुचवलं होतं म्हणे, की तुझ्या त्या मित्रालाही बोलाव, म्हणजे तुझं समाधान होईल आणि विषय संपेल. मार्सेल रात्रभर विचार करत होता. शनिवारी त्याने कापडं थोडीच घेतली होती, वाऱ्यावर उघडी ठेवली होती. आता त्याने तसंच पुठ्ठ्याचं खोकं आणलं, तसाच भुसा आणला, तेवढीच चिरगुटं तेलात भिजवली. आणि तो बापाला म्हणाला की तुम्ही भरा. मी हात लावणार नाही.

काकांनी ते मनावर घेतलं. खोकं उलटं करून झटकलं. भुशात हात घालून पाहिला. एकेक चिरगूट उचलून वास घेतला, चुरगळून आत दाबलं. वर आणखी भुसा टाकला. खोकं भिंतीच्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही असं ठेवलं. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला थेरेसामावशी, मागे उंबऱ्यावर सेलिन. मार्सेल लांब, विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

आम्ही तसेच बसलो. सेलिनने सरबत आणलं, ते प्यालो. दुपारी जेवायलाही पाळीपाळीने गेलो. मला आतून वाटायला लागलं होतं की आजही काही होणार नाही आणि मार्सेलची आणखी एकदा कीव केली जाईल.

प्रथम थेरेसामावशीला वास आला. ती म्हणाली, "अहो, तेल करपतंय." काका पुढे वाकले. खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून, पुठ्ठ्यावर तपकिरी डाग उमटत होता. तो आमच्या डोळ्यांदेखत मोठा झाला, मधे काळा पडला आणि त्यातून धूर यायला लागला. काका उठून उभे राहिले. डागाला भोक पडलं, भोकाच्या कडा लाल झाल्या आणि मग एकदम, आवाज न करता, खोकं पेटलं.

मी विमा कंपनीतल्या माणसाकडून सगळं ऐकून आलेलो होतो. काय होणार ते मला ठाऊक होतं. तरी मी दोन पावलं मागे सरलो. कुणी काडी लावली नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या हातांनी भरलेलं खोकं, आणि त्यात आग कुठून आली? सेलिनने क्रूसाची खूण केली.

काकांनी स्वतःचे हात पाहिले. मग थेरेसामावशीकडे वळले. "म्हणजे मी नव्हे," ते म्हणाले.

ती म्हणाली, "मी कधी म्हटलं तुम्ही म्हणून? आगीत मी माझ्या पायांनी गेले. मला कुणी ढकललं नव्हतं."

मार्सेल कठड्यावरून उठून आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि घरात निघून गेले. मी बादली आणून खोकं विझवलं, कारण कुणाला सुचत नव्हतं.

आता सगळं ठीक होईल, असं मला वाटलं होतं. बाप सुटला, ओझं उतरलं, हसतील, बोलतील. किती बाळबोध समजूत होती माझी. सेबॅस्टियनकाका सुटले खरे, पण त्यांनी मार्सेलशी बोलणं पार टाकलं. आधी कामापुरतं बोलायचे तेही बंद. ताटावर मार्सेल आला की उठायचे. पाद्रीबाबांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की मी इतके महिने जे पाप सांगत होतो ते माझं नव्हतं, ते परत घ्यायचं आहे. असं कुणी कधी मागितलेलं पाद्रीबाबांनी ऐकलं नव्हतं. घरात थेरेसामावशीने मध्यस्थी करून पाहिली. त्यांनी तिचे केस विंचरता विंचरता नुसतं ऐकून घेतलं.

मार्सेलने माफी मागितली होती. एकदा नाही, अनेकदा. शेड त्याच्या चुकीने जळाली, आईचे हात त्याच्या चुकीने गेले, हे तो बापासमोर उभा राहून बोलला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही हे त्याला समजत नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी सेबॅस्टियनकाका वटारहून चालत निर्मळ नाक्यावर आले. मार्सेलने दुकान काढल्यापासून ते कधी तिथे आले नव्हते. मुलाने वाडी सोडून मोटारी बांधाव्यात हे त्यांना फारसं रुचलेलं नव्हतं. ते येऊन स्टुलावर बसले. मार्सेल एका पंपाची तार भरत होता. गिऱ्हाईक नव्हतं. मग ते बोलले. त्यांचं बोलणं मार्सेलने मला त्याच संध्याकाळी शब्द न शब्द सांगितलं. घरात ते आपल्या बोलीत बोलतात, मी माझ्या मराठीत लिहितो.

ते म्हणाले, "चिंध्या तू टाकल्यास, त्याचं मला काही नाही. तुला काय ठाऊक, मला काय ठाऊक. पण मी दवाखान्यात तुला म्हणालो की माझ्या हातून झालं. तू एकदा विचारायचं होतंस. बाबा, खरंच का? एवढं एकदा विचारायचं होतंस."

मार्सेलच्या हातातली तार तशीच राहिली. तो म्हणाला, "नाही विचारलं."

"हं," काका म्हणाले. "नाही विचारलंस."

पण काका उठून गेले नाहीत. ते बसून राहिले, मुलगा तार कशी भरतो ते बघत. दुपारी मार्सेलने सेलिनने दिलेला डबा उघडला आणि निम्मी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खाल्ली. मग मार्सेलने दुकानाचं शटर खाली ओढलं, जे तो भरदुपारी कधी ओढत नसे, आणि बापाला स्कूटरवर मागे बसवून घरी निघाला. वाटेत काकांनी मागून विचारलं की पानवेलीला पाणी किती दिवसांआड देतोय तो गडी.

ते वाडीत पुन्हा जायला लागले. पानवेल वाचली ती वाचली, बाकीच्या जागी त्यांनी केळी लावल्या. बापलेकाचं बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं मोठ्या आवाजातलं नाही. एकमेकांना काही सांगितलं की दोघंही क्षणभर थांबायचे, समोरचा काही विचारतोय का म्हणून. मार्सेलने ती फणसाची गिटार त्या डिसेंबरपासून लग्नांमध्ये वाजवली. तिचा आवाज मागून आणलेल्या गिटारपेक्षा खोल होता. पहिल्या लग्नात मी ड्रमवरून पाहिलं, मांडवात सेबॅस्टियनकाका थेरेसामावशीला घेऊन बसले होते. नाचणाऱ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होते.